लोर्ना नर्सच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर

मला हातात घेतलं की माणूस आधी तळहात वरखाली करून वजन बघतो आणि म्हणतो, "अरे, काहीच नाही हे." इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. मी आखूड नळीचं, लहान बांध्याचं रिव्हॉल्व्हर आहे. पाच गोळ्यांची फिरती चक्री, अंगावर कुठे अडकेल असा कोपरा नाही, घोडासुद्धा आत दडवलेला. रोज अंगावर बाळगावं आणि कुणाला दिसू नये, एवढ्यासाठी मला घडवलं. लपून राहणं माझं काम आहे आणि ते मला चांगलं जमतं. तक्रार आहे ती मला पारखणाऱ्यांबद्दल.

माझा जन्म अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यातला. सांगाडा हलक्या धातूचा, चक्री पोलादाची. तिथून मी केंटकीच्या डोंगराळ पूर्व भागात आलो, रॉस्को नावाच्या निवृत्त पोस्टमनकडे. त्याने मला कोटाच्या खिशात ठेवलं, पेपरमिंटच्या गोळ्या आणि किल्ल्यांच्या जुडग्यासोबत. वर्षभरात माझ्या चक्रीत कापसाचे तंतू आणि साखरेची भुकटी साठली. त्याने एकदाही पुसलं नाही. पुढे संधिवाताने त्याचं बोट वाकेना, माझा चाप ओढवेना, म्हणून त्याने मला क्लाइडच्या दुकानात परत नेऊन दिलं.

क्लाइडच्या दुकानात एका बाजूला बंदुका आणि दुसऱ्या बाजूला मासेमारीचं सामान. मधल्या फ्रिजमध्ये गळाला लावायची गांडुळं आणि थंड पेयं शेजारी शेजारी. दिवसभर पुरुष काउंटरला टेकून गप्पा मारत. तिथली एक रीत मात्र मला फार आवडायची. कुणी म्हणालं, "बघू का जरा?" की हातात हत्यार असलेला माणूस आधी चक्री उघडणार, रिकामी असल्याचं स्वतः बघणार, समोरच्याला दाखवणार, आणि उघड्या चक्रीनेच हातात देणार. घेणारा पुन्हा बघणार. दहा वेळा दिलं तर दहा वेळा. गप्पांच्या ओघात, दुसरीकडे बघतानाही त्यांची बोटं हे काम आपोआप करत. शहाण्या माणसांची गोष्ट नाही ही. त्या डोंगरात अडाण्यातला अडाणीसुद्धा बापाकडून एवढं शिकलेला असतो.

तिथेच एका दुपारी लोर्ना आली. क्लाइडची मेहुणी, चाळिशी ओलांडलेली, नर्सच्या निळ्या कपड्यांत. दवाखान्यापर्यंत येऊ न शकणाऱ्या आजाऱ्यांच्या घरी जाऊन ती त्यांची मलमपट्टी, औषधं, आंघोळ बघायची. दऱ्याखोऱ्यांत एकटीच गाडी चालवत. फोन लागेल तर नशीब.

"काय झालं गं?" क्लाइडने विचारलं.

"माझा तो म्हातारा रुग्ण, ऑर्विल पापॉ, त्याचा पुतण्या. ट्रॅव्हिस. काल त्याने माझ्या गाडीपुढे स्वतःची गाडी आडवी लावली. बॅगेत दुखण्याच्या गोळ्या आहेत का म्हणाला. नाहीत म्हटलं, तर म्हणे, पुढच्या वेळी आणशील."

"ऑफिसात सांगितलंस?"

"सांगितलं. साहेबीणबाई म्हणाल्या, सावध राहा." लोर्ना कोरडं हसली. "सावध राहायचा पगार वेगळा देतात का, ते विचारायचं राहिलं."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. एका बाईला एकटीला त्या घरी पाठवायचं, सोबतीला कुणी द्यायचं नाही, आणि वर सल्ला द्यायचा. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. नोकरी सोडायची, म्हणजे त्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांना सोडायचं. नाहीतर माझ्यासारखं काहीतरी कमरेला लावायचं.

क्लाइडने मला काढलं, चक्री उघडून दाखवली आणि तिच्या हातात दिलं. "हे घे. हलकं आहे. बाईमाणसाच्या हाताला बरं पडतं."

काउंटरवरच्या तिघांनी माना डोलावल्या. मला बोलता आलं असतं तर तिथेच भांडलो असतो. हत्यार जितकं हलकं तितका त्याचा धक्का जास्त, हे त्या चौघांनाही ठाऊक होतं. तरी लहान चण बघितली की लहान हत्यार पुढे करायचं, ही त्यांची जुनी खोड. कुणी तर तिला गुलाबी मूठ बसवून देऊ का असंही विचारलं.

"तुझ्या टोपीला बसव," लोर्ना म्हणाली.

पण तिने मला घेतलं ते अटीवर. "महिनाभर बाळगून बघते. नाही जमलं तर परत."

मग माझी परीक्षा सुरू झाली. क्लाइड तिला खाणीमागच्या मोकळ्या जागेत घेऊन गेला आणि मातीच्या उंचवट्यापुढे कागदी ताटली लावली. पहिल्याच बाराला तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात सणक गेली. दुसऱ्याला ती शिवी देऊन थांबली.

"बाईच्या हाताला बरं पडतं म्हणालास ना?"

"सवय होते गं."

"चपलेचीही होते. म्हणून कुणी दोन नंबर लहान घेतं का?"

तरी तिने हट्ट सोडला नाही. कमी दाबाची काडतुसं मागवली, मूठ जाड रबराची बसवली. चाप जड होता, तो घरी रिकाम्या चक्रीवर ओढून ओढून तिने बोटाला सवय लावली. खोलीच्या या टोकावरून त्या टोकाएवढ्या अंतरात ताटली चुकेना. मी एकदाही अडकलो नाही. माझा दोषही तिने ओळखला. पाच गोळ्या संपल्या की पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कुणी देत नाही.

मग प्रश्न आला तो बाळगायचा. नर्सच्या विजारीला पट्टा नसतो, नाडी असते. मला कमरेत खोचलं तर विजारच खाली यायला लागली. खिशात थर्मामीटर, कात्री, हातमोजे. बॅग रुग्णाच्या घरात जमिनीवर पडून असते. घोट्याला बांधावं, तर ती दिवसभर गुडघे टेकून पायांच्या जखमा धुते. शेवटी क्लाइडने रुंद ताणाचा कापडी पट्टा आणून दिला. पोटाभोवती बांधायचा, वरून सैल सदरा. चाप झाकला जाईल असा कप्पाही होता त्याला, तो पाठीकडे घ्यायचा.

"फिरून दाखव," क्लाइड म्हणाला. ती फिरली. "वाक." ती वाकली. "काही दिसत नाही. पास."

पास. लांबी मोजली, वजन मोजलं, नेम बघितला, कपड्याचा उंचवटा बघितला. ही बाई दिवसभर काय काम करते, हे मात्र कुणी विचारलं नाही. तिनेही नाही. तिला वाटलं, आपल्याला ते माहीतच आहे.

ऑफिसच्या नियमात मी बसत नव्हतो. तरी आम्ही निघालो. पहिले काही आठवडे मी तिच्या कमरेच्या उबेत गप्प होतो. ट्रॅव्हिसची गाडी दोनदा वळणावर दिसली. तिचा श्वास आखडलेला मला कळायचा. पण त्याने गाडी आडवी घातली नाही.

ऑर्विल पापॉच्या घरी ती एक दिवसाआड जायची. तिकडे घरातल्या म्हाताऱ्याला पापॉ म्हणतात, आणि लोर्नाला सगळेच म्हातारे घरचे. उभं आयुष्य कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. आता छातीत दम नव्हता आणि डोक्यात धागा नव्हता. लोर्नाला तो कधी मुलगी समजायचा, कधी बहीण.

त्या सकाळी चुलीवर घेवडा शिजत होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्याला पलंगावरून खुर्चीत बसवायचं होतं.

"चला पापॉ, नाचायचं का?"

"तुला नाचता येत नाही. मागच्या वेळी पाय तुडवलास."

"तुम्हीच तुडवलात. धरा मला घट्ट."

आणि त्याने धरलं. तिच्या कमरेभोवती दोन्ही हात घालून, ती रोज डझनभर माणसांना धरायला सांगते तसं. सदरा वर सरकला. त्याचे खरबरीत हात पट्ट्यावर आले, थांबले, आणि माझ्या मुठीवर बसले. त्या हातांना काय सापडलंय हे त्याच्या डोक्याच्या आधी त्यांनाच कळलं. त्याने मला ओढून काढलं.

लोर्नाचे दोन्ही हात त्याच्या पाठीमागे गुंतलेले. माझ्यासाठी हात सोडला असता तर म्हातारा फरशीवर पडला असता, आणि त्या वयात मोडलेलं खुब्याचं हाड पुन्हा धरत नाही. तिने हात सोडला नाही. मी तिच्या पाठीशी, भरलेला, एका विसराळू मुठीत. तिने त्याला सावकाश वळवलं आणि खुर्चीत टेकवलं. मग मागे सरकली नाही. गुडघ्यावर बसली.

"हे माझं आहे," पापॉ म्हणाला. मला त्याने मांडीवर धरलं होतं, नळी तिच्या खांद्याच्या बाजूला. "कुठे होतं इतके दिवस? ट्रॅव्हिसने नेलं होतं का?"

तिने झडप घातली नाही. आवाजही चढवला नाही. क्लाइडच्या काउंटरवर उभी असल्यासारखी म्हणाली, "छान आहे हो. बघू का जरा?"

पापॉच्या अंगठ्याने खटका दाबला. चक्री बाहेर आली. त्याने मला उभं केलं, गोळ्या बाहेर ढकलणारी दांडी तळहाताने ठोकली आणि पाचही गोळ्या मांडीवरच्या गोधडीत पडल्या. मग चक्री डोळ्यांजवळ नेऊन प्रत्येक भोक बघितलं, तिला दाखवलं, आणि मूठ तिच्याकडे करून मला पुढे केलं.

"भरलेलं कधी कुणाला द्यायचं नाही, पोरी," तो म्हणाला. "तुझ्या बापाने शिकवलं नाही वाटतं."

"शिकवलं होतं, पापॉ." तिने गोधडीतल्या गोळ्या वेचून घेतल्या. "मीच भरलेलं तुमच्याजवळ घेऊन आले."

"घेवडा करपतोय," पापॉ म्हणाला.

त्याच दिवशी लोर्ना ऑफिसात गेली. मी गाडीत कुलूपबंद होतो; पुढचं तिने क्लाइडला सांगितलं तेव्हा ऐकलं. तिने साहेबीणबाईंना सगळं सांगून टाकलं आणि म्हणाली, "मला काढायचं तर काढा. पण त्या घरी एकटीला पाठवलं नसतंत, तर मी हे बांधलं नसतं." बाईंनी तिला तत्काळ घरी बसवलं, आणि दारावर शस्त्रबंदीचा नवा फलक लावला. फलक लावायला त्यांना एक दिवसही लागला नाही. सोबत द्यायला मात्र आजवर माणूस नव्हता.

त्या खोऱ्यात जायला दुसरी नर्स तयार होईना. तेव्हा तिलाच फोन आला. तिने अट घातली, त्या घरी दोघी जाणार, आणि पोलिसांत ट्रॅव्हिसची तक्रार ऑफिस स्वतः करणार. बाई कुरकुरल्या आणि कबूल झाल्या. आता तिच्यासोबत डेनिस नावाची धिप्पाड मदतनीस जाते. पापॉ तिला आपली आई समजतो आणि तिच्या धाकात असतो.

"मग नापास झालं म्हणायचं हे?" क्लाइडने विचारलं. "परत घेऊ?"

"हे पास झालं," लोर्ना म्हणाली. "आपण दोघं नापास. दिवसभर लोकांना मी म्हणते, मला धरा. आणि कमरेला हे."

क्लाइड म्हणाला, "वाक म्हटलं तुला. मिठी मारून बघायला हवी होती."

परत मात्र तिने मला दिलं नाही. आता मी तिच्या कपाटातल्या लोखंडी पेटीत असतो, कुलपात. महिन्यातून एकदा ती तेल लावते, आणि एरवी मला विसरते, हे मला मान्य आहे. माझ्यासारखं कुणी कमरेला लावणार असाल तर एवढंच ऐका. आरशापुढे वळून, वाकून बघितलंत, ठीक. नंतर दिवसभरात तुम्हाला कोण कोण बिलगतं तेही आठवा. तुमचं मूल, तुमची म्हातारी आई, तुमचा रुग्ण. त्यांचे हात कुठे पोचतात, ते बघा.

माझी चक्री त्या दिवसानंतर तिने बंद केलेली नाही. पापॉने दिली तशीच, उघडी आहे.