तिसरा नमुना प्रश्न

ताईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि चौतिसाव्या रकान्यासमोर टाइप केलं: ‘नोंद केल्यावर डोसचा आकडा बदलला, तर जुना आकडा इथे राहतो. बदल कोणी सांगितला आणि कोणी केला, ते पुढच्या दोन रकान्यांत.’

रुग्णालयाच्या डेटाबेसमधून काहीही काढायचं असलं की आजवर सगळे नोंदणी विभागात ताईंकडे येत आणि क्वेरी, म्हणजे संगणकाच्या भाषेतला प्रश्न, लिहून घेत. आता ते काम एआय करणार होतं. कोणीही साध्या बोलीत विचारायचं, क्वेरी त्याने लिहायची. मात्र कुठल्या रकान्याचा अर्थ काय, हे त्याला आधी शिकवायला हवं होतं आणि ते ताईंशिवाय कोणालाच धड ठाऊक नव्हतं.

अधीक्षक दारातून डोकावले.

"झालं का, ताई? उद्या विश्वस्त येताहेत. पहिलीतल्या पोराला शिकवताय असं समजा."

"तसंच शिकवतेय, साहेब. पोरांना सांगाल ते चारचौघांत घडाघडा म्हणून दाखवतात."

अधीक्षक मोकळेपणाने हसले.

"आणि नमुना प्रश्न?"

"तीन दिलेत. पडद्यावर आधी तेच दिसतील. एकदा वाचून घ्या." ताईंनी छापील पानं पुढे केली.

"तुम्ही लिहिलंय ना, मग वाचायचं काय!" त्यांनी पान न उलटता सही ठोकली.

घरी नणंद चादरीच्या घड्या घालत होती. कोपरे अजूनही वॉर्डातल्यासारखे काटेकोर दुमडायची.

"आज उशीर केलात, वहिनी?"

"शिकवणी होती. एका ठार अडाण्याची."

"मग डोकं उठलं असेल."

"छे गं. एकदा सांगितलेलं विसरत नाही."

नऊ वर्षांपूर्वी नणंद त्याच रुग्णालयात सिस्टर होती. तिने एका रुग्णाला औषधाची चाळीस युनिटं दिली. नोंदीत चार निघाली. रुग्ण दगावला, तिला काढून टाकलं. "डॉक्टरांनी चाळीसच लिहिलं होतं," ती वर्षभर ज्याला त्याला सांगत राहिली. मग सांगायची थांबली. ते डॉक्टर पुढे अधीक्षक झाले. त्या विषयावर ताई घरात कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. आताही त्यांनी मुकाट्याने चादरीचं दुसरं टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात विश्वस्त बसले होते. त्यांच्या अध्यक्षा पुढच्या रांगेत होत्या. ताई अधीक्षकांशेजारी, संगणकाजवळ.

पहिला नमुना प्रश्न रिकाम्या खाटांचा. उत्तर क्षणात आलं. दुसरा लशींचा. टाळ्या पडल्या. अधीक्षक रंगात आले.

"आणि हा तिसरा बघा. ‘नोंदीनंतर डोसचा आकडा कधी बदलला गेला?’ वा! आपला कारभार किती चोख आहे, ते यातून कळेल." त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर एकच ओळ आली. तारीख. आधी चाळीस, नंतर चार. बदल दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढे दोन नावं.

अधीक्षकांचा हात हवेतच राहिला.

अध्यक्षा पुढे झुकल्या.

"ही तारीख... याच प्रकरणात सिस्टरना काढण्याच्या कागदावर मी सही केली होती. बदल सांगणारे तुम्ही, डॉक्टर?"

"काहीतरी घोटाळा आहे. हे एआय कधीकधी मनाचंही सांगतं."

"मूळ नोंद काढून देते," ताई म्हणाल्या. "अक्षरन् अक्षर तेच आहे."

"आणि हे दुसरं नाव? बदल करणारं?"

"माझं." ताई उभ्या राहिल्या. "साहेबांचा फोन आला. टायपिंगची चूक आहे म्हणाले, मी सुधारली. चौथ्या दिवशी त्या सिस्टर, माझी नणंद, घरी बसली, तेव्हा उलगडा झाला. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले."

अधीक्षक दबक्या आवाजात म्हणाले,

"ताई, अहो, तुम्ही स्वतःलाही बुडवलंत!"

"नमुना अर्धवट दिला की ते चुकीचं शिकतं, साहेब."

पडदा बंद करायला अधीक्षकांचा हात माउसकडे गेला. ताईंनी माउस आधीच आपल्याकडे ओढून घेतला होता.