खुंटावरचा लाल बोया

रात्रीचे नऊ वाजले तरी न मावळलेल्या उन्हाळी उजेडात इनिस गिलख्रिस्टने खुर्चीच्या पायाला बांधलेली नारिंगी दोरी सोडवली, तिची नीट गुंडाळी करून खिशात घातली आणि खुर्ची उताणी करून पाहिली. पांढऱ्या प्लास्टिकची, एक हात तुटलेली, पाठीवर शेवाळ चढलेली. गवत संपून खडे सुरू होतात त्या कडेवर, समुद्राकडे तोंड करून, कुणी तरी ती टाकून दिली होती हे उघड होते. शेजारी मासळीचा निळा क्रेट उपडा पडला होता. आणि पडून गेलेल्या कुंपणाच्या एकुलत्या एक उभ्या खुंटावर, जणू कुणी जाता जाता गंमत करावी तसा, जाळे तरंगत ठेवणारा एक लाल बोया लटकत होता.

"माणसं!" इनिस म्हणाला.

"काय म्हणालास?" गाडीच्या दारातून बायकोने, ऊनाने विचारले.

"काही नाही. समुद्र छान आहे म्हटलं."

"आणखी काही म्हणायचं होतं?"

"नाही."

ऊना पुन्हा आत बटाटे सोलू लागली. इनिसने हातमोजे वर ओढले आणि बोया खुंटावरून उतरवला.

परवापासून त्याने तोंडाला कुलूप घातले होते, आणि त्यामागे तसेच कारण होते. इनिसने उमेदीची सगळी वर्षे ग्रीनॉकच्या गोदीत जहाजांचे आराखडे काढण्यात घालवली होती. रेघ जिथे हवी तिथेच असली पाहिजे, ही त्याची जन्माची श्रद्धा. निवृत्तीनंतर त्याने ही जुनी व्हॅन आतून स्वतःच्या हाताने बांधली. दोन हिवाळे त्यात गेले. वळणावर एकही कप्पा उघडत नसे, एकही चमचा वाजत नसे. त्या व्हॅनमधून तो पश्चिम किनाऱ्यावर फिरे, आणि फिरण्याचे नियम त्याच्याइतके काटेकोर पाळणारा माणूस हायलँड्सच्या अख्ख्या डोंगराळ मुलखात सापडला नसता. अरुंद रस्त्यावर समोरच्याला वाट देण्यासाठी ठेवलेल्या जागेत तो कधी मुक्काम करत नसे. विस्तव पेटवत नसे. भांड्यांचे पाणी झुडपात ओतत नसे. शौचकूपाची टाकी रिकामी करायला अर्धा दिवस उलटा प्रवास करावा लागला तरी करी. आणि जागा सोडताना ती आपण आलो तेव्हा होती त्याहून स्वच्छ असली पाहिजे, हा शेवटचा नियम.

नियम चांगलेच होते. अडचण एवढीच होती की ते तो सांगे.

यंदाचा उन्हाळा तर विचारूच नका. तंबूंची मैदाने महिनाभर आधीच भरलेली, प्रत्येक वळणावर भाड्याच्या गाड्या झोपलेल्या, आणि इनिसला सांगण्यासारखी माणसे पावलोपावली भेटत होती. परवा एका तळ्याकाठी खाकी चड्डीतल्या एका शांत गृहस्थाला त्याने गाठले आणि रानात शौचाला बसायचे झाल्यास खड्डा पाण्यापासून किती दूर आणि किती खोल असावा, हे काठीने जमिनीवर आकृती काढून समजावले. गृहस्थ शेवटपर्यंत माना डोलावत राहिले. निघताना म्हणाले, "फार छान सांगता. फक्त तिसऱ्या मुद्द्यात थोडी चूक झाली. इथला नियमांचा फलक मीच लिहिलाय. मी इथला वनरक्षक."

त्या संध्याकाळी ऊना म्हणाली होती, "इनिस, या सहलीत आणखी एका जरी माणसाला शहाणपण शिकवलंस, तर ही गाडी फ्रेझरला देऊन टाकीन."

फ्रेझर म्हणजे ऊनाचा भाचा. तो गाडी जांभळी रंगवील आणि कप्पे उपटून लाटांवर खेळायच्या फळ्या भरील, यात दोघांनाही शंका नव्हती. गाडी ऊनाच्या नावावर होती. ऊना क्वचितच धमकी देई. पण दिलेली धमकी तिने आजवर कधी वाया जाऊ दिली नव्हती.

"नियम असेल तर सगळ्यांना सारखा हवा," इनिस बराच विचार करून म्हणाला होता.

"मलाही लागू! झालं समाधान?" ऊना हसली होती. "मी कुठे कुणाला शिकवायला जाते?"

खुर्ची, क्रेट आणि बोया त्याने गाडीमागे नेले. तशीच घाण गाडीत ठेवणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने बादलीत गोडे पाणी घेतले, त्यात व्हिनेगर घातले आणि दात घासण्याच्या जुन्या ब्रशने खुर्चीचे शेवाळ खरवडून काढले. खुर्ची लख्ख पांढरी झाली. मग तिन्ही वस्तू मागच्या कप्प्यात रचून त्याने कडी लावली.

तेवढ्यात उतारावरून एक भाड्याची गाडी आली. तिच्या अंगावर केसाळ गाईचे भले मोठे चित्र होते. आतून दाढीवाला तरुण उतरला, त्याच्यामागून त्याची मैत्रीण. तरुणाचे नाव कीरन, हे सगळ्या खाडीला लगेच कळले, कारण मैत्रीण ते दर वाक्याला घेत होती. कीरनने एकदा वापरून टाकायची पत्र्याची शेगडी काढली आणि ती सरळ गवतावर ठेवून काडी शोधू लागला.

इनिसच्या मानेवरची शीर उडू लागली. हे गवत जळले तर त्या जागी दोन-तीन उन्हाळे नुसते काळे चौकोन राहतात. त्याने ऊनाकडे पाहिले. ऊना बटाट्याकडे पाहत होती. पण सुरी थांबली होती.

इनिस काठावर गेला, तीन चपटे दगड निवडून छातीशी धरून आला आणि कीरनच्या पायाशी ठेवले.

"काय काका, बसायला आणलेत का?"

इनिसने मान हलवली. शेगडीकडे बोट दाखवले, मग दगडांकडे, मग दोन्ही हातांनी शेगडी उचलून दगडांवर ठेवल्याचा अभिनय केला. शेवटी गवताकडे पाहून चेहरा दुःखी केला.

"अच्छा, खाली ठेवायला!" कीरनने शेगडी उचलली. मग मैत्रिणीकडे वळून हळूच, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असे, म्हणाला, "मुके आहेत बिचारे." आणि इनिसकडे पाहून एकेक अक्षर तोडत मोठ्याने, "आ-भा-री आ-हे, का-का!"

गाडीत ऊनाने तोंडात टॉवेल कोंबला. इनिस परत आला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते.

"हे शिकवण्यात धरायचं का?" त्याने विचारले.

"हातवारे चालतील," ती कशीबशी म्हणाली. "तोंड नाही चालणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. इनिसने किटली ठेवली, जवाच्या बिस्किटांवर लोणी लावले. आणि तेवढ्यात खडकाआडून इंजिनाचा कर्कश आवाज आला. एक हिरवी होडी, खेकड्यांचे सापळे लादलेली, नाकासमोर किनाऱ्याकडे सुटली होती. वेग कमी न करताच ती खड्यांवर चढली. तिच्यातून नारिंगी रबरी विजार घातलेला एक म्हातारा गुडघाभर पाण्यात उडी टाकून ओरडत सुटला.

"डॉलिना! अगं डॉलिना!"

त्याच वेळी टेकाडावरच्या घराकडून एक उंच, हाडकुळी म्हातारी काठी टेकत उतरत होती, पुढे कुत्रा. मोकळ्या खुंटाजवळ ती थबकली. म्हातारा तिच्यासमोर येऊन थांबला. दोघांनाही धाप लागली होती.

"मेली नाहीस तू?" म्हाताऱ्याने विचारले.

"तुझ्या आधी? स्वप्नात ये."

"मग बोया कुठाय?"

"मलाच विचार! मी आत्ता येतेय खाली."

"खुर्ची नाही, क्रेट नाही, खुंट मोकळा." म्हाताऱ्याचा आवाज जरा हलला. "सामान कधी हलवतात? माणूस गेल्यावर. मला काय वाटलं असेल?"

"मला काय माहीत, मर्डो, तुला काय वाटतं ते! तीन वर्षांत तोंड उघडलंयस कधी?"

कीरन, त्याची मैत्रीण, इनिस आणि ऊना, चौघेही आपापल्या दारांत उभे होते. डॉलिना त्यांच्याकडे वळली, आणि आपण होऊनच, पण कुणी तरी गुन्हेगार असणारच अशा सुरात, सांगू लागली.

"हा माझा भाऊ. एका मेंढ्यावरून आमची बोलचाल बंद आहे. मी रोज सकाळी इथे येऊन बसते आणि बोया समुद्राकडच्या खिळ्याला टांगते. संध्याकाळी डोंगराकडच्या. हा जाता-येता बघतो. एवढंच आमचं बोलणं. आणि आज ते कुणी तरी चोरलं." तिची नजर पत्र्याच्या शेगडीवर, तिच्यातल्या राखेवर गेली. काठी कीरनच्या पोटाच्या रोखाने वर आली. "जाळलीस ना रे माझी खुर्ची?"

"मी? मावशी, आईशपथ नाही! आम्ही फक्त सॉसेज भाजले!"

"प्लास्टिक जळलं की धूर काळा येतो," मर्डो गंभीरपणे म्हणाला. "मुलाचं तोंड काळं दिसतंय."

"ती दाढी आहे!"

इनिसने हात पाठीमागे बांधले. मग सोडले. मागच्या कप्प्याची कडी लावलेली होती. त्या कप्प्यातले बाहेरून काही दिसत नसे, कारण तो त्यानेच तसा बांधला होता. गाडी चालू करून अर्ध्या तासात पुढच्या गावी पोचता आले असते. ऊनाने त्याच्याकडे पाहिले, एवढेच.

तो गाडीमागे गेला. कडी वाजली. आधी क्रेट आला, मग बोया, आणि शेवटी सकाळच्या उन्हात आरशासारखी चमकणारी खुर्ची. खिशातून त्याने दोरीची गुंडाळी काढून खुर्चीवर ठेवली.

"मी घेतली," इनिस म्हणाला. "मला कचरा वाटला."

"अरे! हे बोलतात!" कीरन म्हणाला.

डॉलिनाने खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवले आणि बोटाकडे पाहिले. "हिचं शेवाळ कुठाय?"

"घासून काढलं. व्हिनेगरनं."

"पाठीला मऊ लागायचं ते." तिने बोट काठीला पुसले. मग सरळ झाली, आणि इनिसला कळून चुकले की आता आपल्याला ऐकावे लागणार. "पाहुणे, एक सांगू? घाणेरडी माणसं मला परवडतात. ती घाण टाकून जातात; मी शिव्या देते आणि उचलते. तुम्हा नीटनेटक्या माणसांचं काय करायचं? तुम्ही उचलून नेलेलं मी कुठून आणू? गेल्या साली तुमच्यासारख्याच एकानं माझ्या धुण्याच्या दोरीचा बांबू नेला. समुद्रानं आणून टाकला असेल म्हणाला. समुद्र काय चिमटे लावून बांबू टाकतो? आधी विचारावं. घर दिसतंय, धूर दिसतोय, तर वर यावं, दार वाजवावं, विचारावं. जिभेला काय झालंय?"

ऊनाने समुद्र पाहण्याच्या निमित्ताने तोंड फिरवले. तिचे खांदे हलत होते.

इनिसने आयुष्यात पहिल्यांदाच एखादे व्याख्यान पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग तो गवतावर गुडघे टेकून बसला. खुर्चीचे चार पाय जिथे होते तिथे चार फिकट खळगे उमटलेले होते. त्याने पाय नेमके त्यांत बसवले, दोरी होती त्याच गाठीने बांधली आणि क्रेट पूर्वीसारखा तिरका ठेवला.

"कुठल्या खिळ्याला?" त्याने बोया उचलून विचारले.

"समुद्राकडच्या," डॉलिना म्हणाली. "सकाळ आहे. आणि मी आहे अजून."

"दिसतंय ते," मर्डो म्हणाला. "मी निघतो मग."

"चहा घेऊन जा. पाहुण्यांची किटली कधीची बोंबलतेय."

मर्डोने क्रेटकडे पाहिले.

"तो माझ्या पायांसाठी आहे," डॉलिना म्हणाली; पण पाय तिने खालीच ठेवले. मर्डो क्रेटवर बसला. ऊनाने दोघांच्या हातांत पेले दिले.

"मेंढा माझाच होता," मर्डो म्हणाला.

"कान बघितले होतेस त्याचे? माझी खूण होती."

"तुझी खूण डाव्या कानाला."

"उजव्या!"

आणि मग तीन वर्षांचा साठा असा काही मोकळा झाला, की कुत्रासुद्धा उठून लांब जाऊन बसला.

दुपारी खाडी रिकामी झाली. मर्डो सापळ्यांवर गेला, डॉलिना कोंबड्यांकडे. कीरन आपली राख आणि रिकामे डबे पिशवीत भरून निघताना इनिसजवळ थांबला. "काका, दगड होते तिथे ठेवलेत. आधी मावशींना विचारलं."

इनिस आणि ऊना गाडीच्या सावलीत बसले होते. ऊनाने विणकाम काढले होते, बुटांतून पाय बाहेर काढले होते. उतारावरून एक नवीकोरी, चकचकीत गाडी अलगद खाली आली आणि गवताला चाक लागू न देता खड्यांवर थांबली. आतून गुलाबी गालांच्या एक बाई उतरल्या. पिवळे रबरी हातमोजे, एका हातात लांब चिमटा, दुसऱ्या हातात पिशवी. त्यांनी खुर्चीकडे पाहिले. क्रेटकडे पाहिले. जिभेने "च्च" केले.

"माणसं!" त्या म्हणाल्या, आणि बोयाकडे हात नेला.

इनिसने पेला दोन्ही हातांनी घट्ट धरला. ओठ मिटून घेतले. डोळेही मिटले. फ्रेझर, जांभळा रंग, उपटलेले कप्पे.

लोकरीचा गुंडा त्याच्या पायावरून घरंगळत गेला.

"थांबा! हात लावू नका त्याला!" ऊना अनवाणी खड्यांवरून धावत होती. "बाई, आधी विचारावं! घर दिसत नाही का वर?" आणि मग ती थांबलीच नाही. खुंटावरून ती मेंढ्यावर गेली, मेंढ्यावरून वाट देण्याच्या जागांवर, तिथून विस्तवावर, भांड्यांच्या पाण्यावर, आणि शेवटी शौचकूपाच्या टाकीवर. क्रम तोच होता. मध्येच ती खाली वाकली आणि काठीने जमिनीवर काही तरी आकृती काढू लागली. गुलाबी बाईंनी एकेक करून हातमोजे उतरवले.

ऊना परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. ती आपल्या घडीच्या खुर्चीवर बसली, तळव्याला रुतलेला खडा काढला, गुंडा उचलला, सुया जुळवल्या. एक टाका घातला. दुसरा घातला.

इनिसने तिच्या पेल्यात चहा ओतला, आणि लोणी लावलेले बिस्कीट बशीत ठेवले.

"तू काही ऐकलंस?" मान वर न करता तिने विचारले.

"छे," इनिस म्हणाला. "लाटांचा फार आवाज आहे इथे."

समोर समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निश्चल पसरला होता.