दुसऱ्या खुर्चीवरची गादी

मित्रांनो, आज तुम्ही मला गादी म्हणता, माझ्यावर ऐसपैस बसता. पण मी मूळचा एक पडदा आहे. निळ्या कापडाचा, पिवळ्या किनारीचा.

दोन हजार तीन साली जालन्यात, मस्तगडच्या एका दुकानातून गिरिजाबाईंनी माझं कापड आणलं आणि घरच्या मशीनवर मला शिवलं. त्यांचा धाकटा भाऊ धर्मराज याने नुकतंच सायबर कॅफे थाटलं होतं. चार कॉम्प्युटर, मध्ये प्लायवूडच्या भिंती आणि प्रत्येक खोक्याला एक पडदा. शेवटच्या खोक्याला मी. कापड थोडं कमी पडलं, म्हणून मी आखूड राहिलो. बसणाऱ्याचे पाय माझ्याखालून दिसत. मला त्याची फार लाज वाटे.

तरी माझा मान मोठा. "पडद्याचं खोकं रिकामं हाये का?" असं कुणी विचारलं की मी फुगून जाई. कुणी निकाल बघे, कुणी दुबईच्या लेकाला पत्र लिही. झाकणं हेच माझं काम, आणि मी ते मनापासून करी.

शाळा सुटली की पाचवीतली गौतमी तिथे येई. तिची आई उषाबाई बियाण्यांच्या कंपनीत पाकिटं भरायला जायची. ती परतेपर्यंत लेक, कॅफेवर लक्ष ठेवणाऱ्या गिरिजामावशीच्या नजरेखाली राहावी, असं ठरलेलं. पण मावशीच्या नजरेत आणि लेकीत मी लटकत होतो ना!

गौतमीचे पाय जमिनीला टेकत नसत. ते सारखे हलायचे, घंटेच्या लोलकासारखे. एकेक अक्षर तोंडाने म्हणत ती टाइप करी आणि आलेली उत्तरंही तशीच वाची, त्यामुळे मला सगळं कळे. एके दिवशी चॅटवर तिला 'पिंकी' नावाची मैत्रीण मिळाली. म्हणे औरंगाबादची, म्हणे तीसुद्धा पाचवीतच. मग पिंकीने विचारलं, "तू कोणाची? गल्ली कोणती? शाळा कोणती? आई घरी किती वाजता येते?"

मित्रांनो, आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. बदनापूरच्या स्टेशनावर उतरलं की पहिला भेटणारा माणूस विचारतो, "कोणाची गं तू?" आणि शहाणं लेकरू बापाचं नाव, गाव, गल्ली बराबर सांगतं. न सांगणाऱ्याला लोक म्हणतात, वळण नाही. गौतमीला वळण होतं. तिने सगळं सांगितलं.

आठ-दहा दिवसांनी पिंकीने लिहिलं, 'शनिवारी शाळा सुटली की एकटीच जालन्याच्या स्टेशनावर ये. माझे काका तुला आमच्या घरी आणतील. आईला सांगू नको. सांगितलंस, तर तू रोज इथे काय करतेस ते मी तिला कळवीन.' गौतमीने ते एकदाच पुटपुटून वाचलं. आणि तिचे पाय थांबले. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, मित्रांनो. पण मी नुसता लोंबत राहिलो.

गिरिजाबाई झाडू मारत आल्या. माझ्याखालचे ते थांबलेले पाय त्यांनी पाहिले आणि मला सर्रकन बाजूला सारलं.

"काय गं, पाय कामून थांबले तुझे?"

"काही न्हाई, मावशी."

"काही न्हाई, मंग डोळे कामून भरले?"

तेव्हा गौतमीने रडत रडत सगळं वाचून दाखवलं. "पण आईला सांगू नका हो. ती कॉम्प्युटरच बंद करील माझा."

"ह्या पिंकीचं तोंड पाह्यलं का तू?"

"न्हाई."

"कोणाची हाये, ते सांगितलं तिनं?"

"मी विचारलंच न्हाई."

"अगं बाई, 'कोणाची तू' विचारणारा माणूस आपल्यासमोर उभा असतो. त्याला आपणबी विचारतो, तुम्ही कोणाचे? हे तर आडून विचारून राह्यलं! पिंकी हाये का मिशीवाला बाप्या, काय ठाऊक? आडून विचारणाऱ्याला जवाब नसतो."

त्यांनी कंपनीत फोन लावला. उषाबाई तशीच धावत आली. हातांना बियाण्याच्या औषधाचा गुलाबी रंग. गौतमीने मान खाली घातली. उषाबाईने स्टूल ओढलं, लेकीला चिकटून बसली आणि म्हणाली, "सांग."

सगळं सांगून झाल्यावर गौतमीने हळूच विचारलं, "रागावलीस?"

"भ्याले गं. पण तू सांगितलंस ना, आता पुढचं माझ्याकडं."

त्या मजकुराचा कागद छापून घेऊन दोघी बाया तडक पोलीस ठाण्यात गेल्या. शनिवारी स्टेशनावर गौतमी गेली नाही, पोलीस गेले. तिथे पिंकी नव्हती. चाळिशीचा एक माणूस बाकावर वाट बघत होता. पोलिसांनी त्याला तिथेच धरलं.

त्याच आठवड्यात गिरिजाबाईंनी चारही पडदे उतरवले.

"अक्का, गिऱ्हाईक जाईल ना!" धर्मराज कळवळला.

"जाऊ दे. लेकरू तर राहील."

घडी घालून मला पेटीत टाकलं, तेव्हा मी मनात फार रुसलो. इतकी वर्षं नव्हे, पण इतके महिने इमानाने झाकलं, त्याचं हेच फळ? मग एका दुपारी गिरिजाबाईंनी मला कापलं, आत कापूस भरला आणि गादी करून शेवटच्या खोक्यात मुद्दाम आणलेल्या दुसऱ्या खुर्चीवर ठेवलं. लेकरू बसलं की शेजारी मोठं माणूस बसायचं, असा नियमच झाला. माझ्यावर पहिल्यांदा बसली उषाबाई. शेजारी गौतमीचे पाय पुन्हा हलू लागले, आणि माझा रुसवा गेला.

आता माझ्यातल्या कापसाच्या गाठी झाल्या आहेत. किनार विटली आहे. तरी एक सांगतो. लेकरांनो, कुणी आडून नाव-गाव विचारलं तर गप्प राहिल्याने वळण सुटत नाही. आणि 'आईला सांगू नको' असं कुणी म्हणालं, की पहिली हाक आईलाच मारा. ती भिईल, पण ऐकेल.

आणि आई-बाबांनो, लेकराशेजारी माझ्यावर कुणी बसलं की मी उबदार होतो. माझ्यावर हात ठेवला तरी कळतं, आज लेकरू एकटं होतं की नव्हतं. मला गार पडू देऊ नका.