मागच्या पायांचा मान

भुशी गावच्या जत्रेतल्या सोंगांत कोंडाजीच्या घराण्याला पिढीजात मान होता: घोड्याचे मागचे पाय. बांबूच्या सांगाड्यावर गोधड्या टाकल्या की घोडा तयार. पुढचे पाय अंबाजीकडे, पाठीवरचा सरदार चाँदभाईच्या घराकडे. अंबाजीची कंबर धरून, वाकून कोंडाजीने बारा जत्रा काढल्या. गोधडीखाली त्याचं तोंड कुणाला दिसलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेला बायकोने, शालूबाईने, विचारलं होतं, "सोंगं झकास झाली. तुमी कुटं गेलता?"

मग जर्मनची लढाई लागली. सरकारने त्याला खेचरांमागे चालायला फ्रान्सला नेलं, म्हणजे कामात फारसा फरक पडला नाही. एकोणीस साली परतला तो दोन गोष्टी घेऊन. एक, बोटीतून दिसलेला आगीचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी धुणी वाळत घालणारी माणसं.

"पळून न्हाई जात?" गावचे कारभारी गेणूआबा म्हणाले.

"न्हाई. द्राक्षं लय येत्यात म्हणं."

आबांना ते पटलं.

दुसरी, छावणीशेजारच्या चिनी मजुरांचं नाटक. तोंडं रंगवून ते झांजा बडवत गायचे. "आन् आबा, त्यांच्यात घोडा नसतोच. सरदार गोंड्याचा चाबूक घेतो, टांग टाकल्यागत करतो, झाला स्वार. घोडा आपण समजायचा."

"मंग तू काय करणार?"

"म्होरं भाला घेऊन चालतो की." उघड्या तोंडाने शालूबाईसमोरून जायचं, एवढीच त्याची हौस.

चाँदभाई खूश झाला. गेल्या जत्रेत तो घोड्यावरून दोनदा पडला होता. आबांनीही मान डोलावली.

जत्रेत चाँदभाईने चाबूक फिरवून अशी टांग टाकली, की लोकांना घोडा दिसायलाच लागला. आबा उठून उभे राहिले.

"थांबा जरा. घोडा आला, मागचे पाय कुटं हायेत?"

"आबा, घोडा न्हाईच की," कोंडाजी म्हणाला.

"मला दिसतोय. तो काय दोन पायांवर चालंल? मान कुणाचा?"

कोंडाजीने वळून चाँदभाईच्या पुढे पाहिलं. अंबाजी गुपचूप वाकून उभा होता. मान घालवायची त्याची तयारी नव्हती. कोंडाजीने भाला ठेवला आणि सरदाराच्या मागे वाकला. धरायला काही नव्हतं, पांघरायला गोधडी नव्हती. दोन पावलं तो रडव्या चेहऱ्याने चालला. मग चिडून त्याने खेचरांकडून शिकलेली एक लाथ मागे झाडली.

गाव हसून लोळलं. त्याने दुसरी झाडली. लोकांनी तिसरी मागून घेतली. सरदाराकडे कुणी बघेना.

बायकांच्या घोळक्यात शालूबाईने पदर सारखा केला आणि शेजारणीला सांगितलं, "ते मागचे पाय हायेत ना, ते आमचे."