लाल भाताचा पराग

साडेनऊला हरेश्वर सर जाळीघराच्या दारातच थबकले. मधली कुंडी जागेवर होती. तिच्याभोवतीच्या सहाही कुंड्यांत नुसती उकरलेली माती.

बाहेर कॉलेजचा माळी अंबाजी पांढऱ्या भाताच्या वाफ्यात वाकला होता. "सर, तुमचंबी साफ केलंय हां! लाल कुसळाची भेसळ शिरली व्हती. चाळीस वर्सं बियाण्याच्या शेतावर हेच केलंय, माझ्या नजरंतून न्हाय सुटत."

ती भेसळ नव्हती. मधल्या रोपाला पराग देणारा तो लाल भात होता. अंबाजीला हे सांगायचं त्यांनी चारदा ठरवलं होतं, आणि चारदा वाटलं होतं, ज्याचं आयुष्य मातीत गेलं त्याला आपण पुस्तकी माणसाने काय शिकवावं?

निवृत्तीनंतरची अकरा वर्षं त्या मधल्या रोपात गेली होती. खाडीकाठचा रानटी देवभात आणि खारजमिनीतला लाल भात, दोघांच्या पेशींची कवचं उतरवायची, देवभाताचं केंद्रक निकामी करायचं आणि दोन उघड्या पेशी एकीत एक मिसळायच्या. केंद्रक लाल भाताचं राहतं. हरितलवकं कुणाचीही राहोत, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका मात्र देवभाताच्या यायला हव्या होत्या. तशा रोपात स्वतःचा पराग धरत नाही, म्हणून त्याच्यापासून संकरित बियाणं करता येतं. खारजमिनीसाठी तसं बियाणं करायचं सरांच्या मनात होतं. साध्या संकराने त्या तंतुकणिका लाल भातात आणायला सात पिढ्या, म्हणजे सात वर्षं लागतात, पेशी जोडून ते एका उडीत होतं. ती उडी अकरा वर्षांत एकदाच साधली. त्या एकुलत्या रोपाचे फुटवे खोडकिड्याने खाल्ले, मूळ कुजत चाललं. उरली एक लोंबी, आणि तिची शेवटची फुलं आज दुपारपर्यंतच उघडी राहणार होती.

"उपटलेलं कुठे टाकलंत?"

"नलू घेऊन गेली, बकऱ्यांना."

सर धावले. एकाहत्तराव्या वर्षी, चपला तिथेच टाकून. मागे अंबाजी, काय झालं ते न कळता.

"अगं बाई, सर तुम्ही? बसा, च्या टाकते," कुंपणापलीकडची नलू म्हणाली.

"चहा राहू दे गं, भात कुठाय?"

"आता बकरीच्या पोटात बघा!" नलू अंबाजीकडे वळली. "तुम्हीच म्हनलात ना, ने म्हणून?"

गोठ्यात गुडघ्यांवर बसून सरांनी आणि अंबाजीने लेंड्यांत सांडलेला चारा चिवडला. एक लोंबी मिळाली, अर्धी चघळलेली, कोमेजलेली. सरांनी ती पेल्यातल्या पाण्यात उभी केली, जाळीघरात आणली आणि वाट बघू लागले. मग एकदाचं त्यांनी अंबाजीला सगळं सांगितलं. अंबाजी भिंतीला टेकून खाली बसला.

साडेदहाला मधल्या रोपाची फुलं उघडली, आतली पराग झेलणारी बारीक पिसं पसरली. लाल लोंबी मिटलेलीच राहिली. अकरा वाजले. सरांनी चिमट्याने एक फूल फाडलं, दुसरं फाडलं. आतले परागकोश पिवळट लगदा झाले होते. तिसरं, चौथं, सगळी फाडली. दुसरा लाल भात दूर खारजमिनीतच होता, दुपारच्या आत तिथून आणणं शक्य नव्हतं.

"सर," अंबाजी उठत म्हणाला, "माझं पांढरं फुललंय. त्याचा चालंल?"

सरांनी डोळे मिटले. चालणार होता. तंतुकणिका आईकडूनच जातात, त्या वाचल्या असत्या. पण बियाण्यातला लाल भात अर्धा झाला असता. "चालेल. पण लाल भात परत पूर्ण आणायचा तर दरवर्षी लाल पराग टाकत राहायचं," ते म्हणाले.

"किती वर्सं?"

"सात. जी टाळायला हे सगळं केलं, तीच."

"म्हंजे तवा तुमी..."

"अठ्ठ्याहत्तर. असलो तर."

पंधरा मिनिटं गेली. कडेचं एक फूल मिटलं. दुसरं मिटलं.

"आणा," ते म्हणाले.

अंबाजीने पांढरी लोंबी आणली. सरांनी ती घेतली, फिरवून पाहिली. त्यांनी ती परत अंबाजीला दिली.

"तुम्हीच झटका. हळू. वरून, त्या पिसांवर पडू दे."

फिकट पिवळी भुकटी उडाली. काही पिसांवर पडली, काही मातीत.

"धरंल?"

"माहीत नाही. आठवड्याने कळेल." सर कुंडीजवळ जमिनीवर बसले. "धरलं तर पुढच्या वर्षी लाल पराग टाकायचा. केव्हा, कसा, ते सांगतो. लिहून घ्या, अंबाजी."

"मला लिवता येत न्हाय, सर."

"मग ऐका," सर म्हणाले, आणि पहिल्यापासून सांगू लागले. तेवढ्यात तिसरं फूल मिटलं.