शामलाचा पाटा

सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत गॅसची लाइन टाकायची होती. खोदण्याआधी जमिनीखाली काय काय आहे ते शोधायला जितेंद्र यंत्र घेऊन आला. मधुकररावांच्या फाटकासमोर विजेच्या केबलवर यंत्र किरकिरलं, तिथं त्यानं चुन्याची रेघ मारली. पाण्याची नळी मात्र प्लास्टिकची. तिच्यावर यंत्र गप्पच राहिलं.

"काकाजी, पाण्याची लाइन कुठून गेली?"

"थांब, तिले विचारतो," म्हणत मधुकरराव दाराकडे वळले आणि तिथंच उभे राहिले.

त्यांची बायको शामला दिवाळीनंतर वारली होती. नळी टाकली तेव्हा ते गांधीबागेत दुकानावर होते. मजुरांपाशी उन्हात तीच उभी होती. घरातलं असलं सगळं तिलाच ठाऊक असायचं.

"मले नाही माहीत गा," ते म्हणाले.

खोदायला आलेला जेसीबीवाला सीटवरून म्हणाला, "अंदाजानं मारू काय? फुटली तं जोडून देऊ."

"अन् तोवर मोहल्ल्याले पाणी तुया घरून आणू?" जितेंद्र म्हणाला. "मशीन बंद कर. हातानं खोदू."

तो स्वतः फावडं घेऊन हळूहळू माती काढू लागला. दोन जागी काही लागलं नाही. तिसऱ्या जागी फावडं दगडावर वाजलं.

"काकाजी, पाटा आहे. अर्धा."

मधुकरराव खाली बसले. शामलाचा मसाला वाटायचा पाटा फुटला तेव्हा त्यांनी तिला फेकून दे म्हटलं होतं. "कामात येते," एवढंच ती म्हणाली होती. पुढे तो कुठं गेला, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

जितेंद्रनं पाटा उचलला. खाली निळी नळी होती.

"बाईनं बरोबर ठेवला," तो म्हणाला. "खोदणाऱ्याले आधी गोटाच लागला पाहिजे."

मधुकररावांनी पाटा मांडीवर घेतला. बोटानं माती काढली. पाथरवटाच्या टाकीचे घाव अजून होते, मधला भाग तिच्या हातानं गुळगुळीत झाला होता. त्यांनी त्यावर तळहात ठेवला. बराच वेळ उचलला नाही.

"घरात नेऊन ठेवा काकाजी," जितेंद्र म्हणाला. "मी नळीवर विटा ठेवतो."

ते पाटा घेऊन उठले. फाटकापर्यंत गेले. मग परत आले.

"नको. तिनं ठेवला तिथंच ठेव."

माती लोटून झाल्यावर जितेंद्रनं वरून चुन्याची रेघ मारली. मधुकरराव ती पाहत उभे राहिले.

"आता कोणी विचारलं तं सांगता येईन मले," ते म्हणाले.