पाचवा गुलाब

"उपटून टाका हो लिफ्टभाऊ आता तो," शेजारच्या वहिनी कठड्यावरून वाकून म्हणाल्या. "चार कसे टरारून फुललेत, आणि हा मेला एकटा रडतोय. दुसरा आणा."

"रडणाऱ्याला उपटायचं ठरवलं वहिनी, तर या इमारतीत माणूस उरायचं नाही."

वहिनी हसत आत गेल्या. तो मात्र हसला नाही. पाचव्या कुंडीपुढे उकिडवा बसून राहिला.

दुसरा आणा म्हणे! दुसरा आणायला बाजार भरलाय. पण हा बायकोने लावलेला शेवटचा. पिवळा गुलाब हवा म्हणून तिने वर्षानुवर्षं रोपवाल्यांचं डोकं खाल्लं होतं. मिळाला तेव्हा मूठभर रोप छातीशी धरून घरी आली. त्यानंतर अकराव्या दिवशी ती दवाखान्यात गेली आणि परत आलीच नाही. याला सात महिने झाले. रोपाला एकही कळी धरली नव्हती, उलट पानं पिवळी पडून गळत होती. ते रोपही गेलं, तर तिच्या हातचं एवढं एक फूल बघायचं कायमचं राहून जाईल, ही धास्ती त्याने मनाला लावून घेतली होती. दुपारी गॅलरीत कुणी नसलं की तो त्याला सरळ म्हणायचा, "एक दे रे. एकच दे."

बत्तीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन लिफ्ट शेजारी शेजारी असल्या आणि एकच बिघडली, तर तो आधी चांगलीसमोर उभा राहायचा. चांगली काय करते ते नीट पाहिलं की बिघडलेली काय करत नाही ते आपोआप कळतं, हे त्याचं शास्त्र. इथेही त्याने तेच चालवलं होतं. माती पाचांना एकच. खत एकच. उन्हाची शंका आली म्हणून महिनाभर कुंड्यांच्या जागा बदलल्या. चार आपले मजेत, हा तसाच मलूल. पाणी कमी करून झालं, वाढवून झालं. मुलगी परगावी राहायची. ती फोनवर रोज नवा उपाय सांगायची आणि तो मुकाट्याने तो करायचा.

आज त्याने घड्याळ घेतलं. पहिल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं आणि खालच्या ताटलीत थेंब कधी पडतो ते पाहिलं. अर्धं मिनिट. दुसरीलाही तेवढंच, तिसरी-चौथीलाही. पाचवीत ओतलं, तर चार सेकंदांत ताटली भरली.

"अस्सं!" तो म्हणाला. "पाणी मुक्कामच करत नाही होय तुझ्याकडे?"

त्याने लांब पेचकस आणला. कुंडीच्या कडेला खुपसला, तर ओला चिखल लागून आला. खोडाजवळ खुपसला, तर काहीतरी चिवट आड आलं. जोर दिल्यावर तो आत गेला खरा, पण बाहेर आला तो कोरडा ठणठणीत. मग त्याने वर्तमानपत्र पसरलं, कुंडी आडवी केली आणि बुडावर थापा मारत मातीचा गड्डा हलकेच बाहेर ओढला.

वरची माती झडली आणि काळं प्लास्टिक दिसलं. रोपवाल्याची पिशवी! तिच्यासकट रोप कुंडीत बसवलेलं होतं. वरची कड आत दुमडून त्यावर माती लोटलेली. पाणी पिशवीच्या बाहेरून वाहून जात होतं आणि आत मुळं तहानलेली.

त्याला हसू यायला हवं होतं. कुंडी भरायच्या आधी माती तीनदा चाळणारी त्याची बायको, आणि पिशवी काढायला विसरली? छे! ती विसरणारी नव्हतीच. त्याने पिशवी उलटसुलट करून पाहिली. बाजूला तीन ठिकाणी कात्री लावलेली होती. प्रत्येक काप बोटभर जाऊन थांबलेला.

मग त्याला ती दारात उभी दिसली. तो रेडिओ खोलून बसला होता.

"अहो, एवढी पिशवी फाडून देता का? आज बोटांत जोरच नाही माझ्या."

"ठेव तिथे. देतो."

मानही वर केली नव्हती त्याने. लोकांच्या लिफ्टची घंटा वाजली की ताटावरून उठून धावणारा माणूस! घरात मात्र दिव्याखाली अंधार. बोटांत जोर का नाही, हे विचारायचंही सुचलं नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली असेल. मग आपली आपण कात्री घेतली असेल, आणि हात थकल्यावर तसंच लावून टाकलं असेल. वर कधी बोललीही नाही.

त्याने ब्लेडने पिशवी सोडवायला घेतली आणि त्याचा हात थांबला. त्या तीन कापांतून पांढरी मुळं बाहेर आली होती. दोऱ्यासारखी बारीक, पण जिवंत. सात महिने रोप जगलं होतं ते तिच्या तेवढ्याशा कात्रीवर. तो तिथेच फरशीवर बसला आणि मातीच्या हातांनी तोंड झाकून रडला.

नंतर त्याने मुळं मोकळी केली, कुंडी नव्याने भरली, पाणी घातलं. या वेळी ते सावकाश मुरलं. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, कळलं का काय झालंय त्याला?"

"कळलं. पिशवीसकट लावला होता."

"काय? पण तो आईने लावला होता ना?"

त्याने वर्तमानपत्रावरची फाटकी पिशवी उचलून मुठीत घेतली.

"आणला तिने. लावला मी. पिशवी काढून लावा म्हणाली होती, माझंच लक्ष नव्हतं."

"कमाल करता बाबा तुम्ही! तरीच. आईच्या हातून असं झालंच नसतं."

"नसतंच झालं," तो म्हणाला. "तिच्या हातून कधीच नसतं झालं."

मुलगी अजून हसतच होती. त्याने तिला पोटभर हसू दिलं.